वावरात टांगायचा घरगुती सर्किट बोर्ड गंजू नये म्हणून काय काय करायचं

रानडुकरं आणि रोही हाकलायला रात्रभर लुकलुकणारी लाइट अन् भोंगा, टाकी भरली की कोकलणारी घंटी, थ्री फेज लाइन आली की मिसकॉल देणारी डबी, असं काहीबाही आपल्याकडची पोरं घरीच बनवतात आणि चांगलं बनवतात. टेबलावर ते मस्त चालते. मंग मृगाच्या आधी वावरात धुऱ्यावर टांगायचं, आणि पोळ्यापर्यंत उघडून पाहावं तर बोर्ड हिरवा पडलेला, एखादा ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची पट्टी, मधूनच गायब, आणि सगळे म्हणतात डबीत पाणी गेलं. पाणी गेलंच असेल, पण नुसतं पाणी बोर्ड खात नाही राजेहो.

तीन गोष्टी एकत्र आल्या की तांबं खाल्लं जाते. एक ओल. दुसरं म्हणजे त्या ओलीत विरघळणारं काहीतरी, बोर्डावरचं नको असलेलं तांबं काढायच्या फेरिक क्लोराइडचा उरलेला अंश, वितळवलेलं कथिल, म्हणजे सोल्डर, नीट चिकटावं म्हणून लावायचा फ्लक्स, घामट बोटांचं मीठ, खताची धूळ. आणि तिसरं डीसी, म्हणजे बॅटरीसारखं एकाच दिशेचं, व्होल्टेज. ओल आणि मीठ मिळून बोर्डावर करंट वाहू देणारा एक पातळ थर बसतो, त्यात १२ व्होल्टचं प्लस अन् मायनस शेजारी-शेजारी असलं की प्लसकडचं तांबं विरघळून मायनसकडं सरकते, तिथं झाडाच्या मुळ्यांसारखे बारीक केस उगवतात, आणि एक दिवस ते समोरच्या ट्रॅकला टेकले की शॉर्ट. म्हणून पाहा, गंजलेल्या बोर्डात बहुतेक करून प्लसचाच ट्रॅक खाल्लेला सापडते. आता ओल पूर्ण थांबवणं आपल्या हातात नाही, कारण कोणतंही कोटिंग असो, पाण्याची वाफ त्यातून हळूहळू आत जातेच, आणि व्होल्टेज तर पाहिजेच. उरली ती मधली गोष्ट, घाण. खरी मेहनत तिथं करायची. लोकं उलटं करतात, महागाचा स्प्रे आणतात आणि घाणीवरच मारतात, मंग क्लोराइड आतच कोंडलं जाते आणि बाहेरून चकचकीत दिसणारा बोर्ड आतून सडत राहते.

सुरुवात बोर्डाच्या तुकड्यापासून. तपकिरी रंगाचा, कापताना जळक्या पुठ्ठ्यासारखा वास येणारा जो स्वस्त बोर्ड मिळते तो कागद आणि फिनॉलिकचा असते, तो पाणी पितो, कडांनी फुगतो, भोकांभोवती पापुद्रे सुटतात. बाहेर लावायचं असेल तर त्याच्या नादी लागू नका, काचेच्या कापडाचा एफआर-४ घ्या, थोडा महाग पडते पण पडू द्या. झिरो पीसीबी, म्हणजे आधीच भोकं पाडलेला तयार बोर्ड, त्यातही दोन्ही प्रकार येतात, हिरवा कोटिंगवाला काचेचा घ्यायचा. नागपुरात बर्डीवर मिळते, नाहीतर ऑनलाइन मागवा.

डिझाइन करताना दोन-तीन सवयी लावून घेतल्या तर अर्धं काम तिथंच होते. घरगुती बोर्डात जागा भरपूर असते तर ट्रॅक दीड-दोन मिलिमीटरचे ठेवा, केसाएवढे नको, थोडं खाल्लं गेलं तरी काम चालू राहते. प्लसचा ट्रॅक आणि मायनसचा ट्रॅक एकमेकांना खेटून नेऊ नका, मध्ये दोन-तीन मिलिमीटर मोकळं सोडा. आणि पुल-अप रेझिस्टन्स, म्हणजे इनपुटची लाइन प्लसकडं ओढून धरणारा, १ मेगओहमचा टाकायचा मोह आवरा. ओल्या बोर्डावर दोन ट्रॅकमध्ये गळती होते ती मेगओहमच्याच घरातली असते, त्यामुळं तुमचं सर्किट येडं होते, रात्री दव पडलं की भोंगा आपोआप वाजाले लागते आणि सकाळी ऊन निघालं की चूप. १० किलोओहम टाका, बॅटरी किंचित जास्त जाईल पण गळतीचा फरक पडणार नाही.

आता धुणं. फेरिक क्लोराइडमधून बोर्ड काढला की लोकं नळाखाली दोन मिनिटं धरतात आणि झालं म्हणतात. झालं नाही. क्लोराइड ट्रॅकच्या कडांना आणि बोर्डाच्या कापलेल्या किनारीत चिकटून राहते, ते हवेतली ओल ओढते, आणि एकदा तांब्याशी त्याचं जमलं की ते संपत नाही, तांब्याचं क्लोराइड बनते, त्यातून पुन्हा मोकळं होते, पुन्हा तांबं खाते. म्हणून आधी भरपूर पाण्यानं धुवा, मंग प्लास्टिकच्या टबात खायचा सोडा विरघळवून त्यात बोर्ड बुडवा, बुडबुडे येतील, ते थांबेपर्यंत जुन्या टूथब्रशनं दोन्ही बाजू घासा, पुन्हा साधं पाणी. ग्लोव्ह्ज घाला, आणि उरलेलं फेरिक क्लोराइड विहिरीजवळ किंवा नालीत ओतू नका, त्यात तांबं उतरलेलं असते, ते पाण्यात गेलं की मासोळ्या मरतात. डबा बंद करून ठेवा, पुन्हा-पुन्हा वापरता येते.

इथं आपल्या भागातली एक खास अडचण आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारं आहे, त्या पाण्यानं शेवटचा हात मारला म्हणजे बोर्डावर मीठ वाळवलं असं समजा. बाकी विदर्भातही बऱ्याच विहिरींचं पाणी जड आहे, भांड्यावर पांढरे डाग पडतात ना, तेच बोर्डावर पडते. म्हणून शेवटचं खळखळणं डिस्टिल्ड वॉटरनं करायचं. बॅटरीवाल्याकडं कॅन मिळते, फक्त मागताना नीट सांगा, कारण त्याच्याकडं ॲसिडचेही तसलेच कॅन ठेवलेले असतात. तेही नसेल तर आरओचं पाणी चालेल, किंवा दोन-चार सरी पडून छत धुतल्यावर भांड्यात धरलेलं पावसाचं पाणीही बोअरपेक्षा कितीतरी बरं.

धुऊन वाळला की तांबं उघडं ठेवू नका, त्याच दिवशी कथिल चढवा. बारीक स्टीलवूलनं हलकं घासून चमकवा, रोझिनचा फ्लक्स लावा, आणि इस्त्रीनं सगळ्या ट्रॅकवर सोल्डरचा पातळ थर ओढत न्या. इस्त्री म्हणजे सोल्डरिंग आयर्न हो, कपड्याची नाही. ६०/४० सोल्डर चांगला पसरते. काही जण नुसती राळ, म्हणजे तोच रोझिन, आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) विरघळवून ब्रशनं लावून देतात, ती कपाटात ठेवायला ठीक आहे, वावरात उन्हानं तडकते आणि पावसाळ्यात चिकट होते. यूव्हीनं वाळणारा हिरवा सोल्डरमास्क, म्हणजे ट्रॅक झाकणारा रंग, घरी लावता येत असेल तर फारच छान, पण तो व्याप करायला सगळ्यांजवळ वेळ नसते आणि कथिल नीट चढवलं असेल तर त्यावाचून अडत नाही.

फ्लक्सबद्दल थोडं लांबण लावतो कारण बहुतेक बोर्ड इथंच मरतात. छोट्या डबीत पिवळसर सोल्डरिंग पेस्ट मिळते, कशालाही सोल्डर चिकटवते म्हणून पोरांना आवडते, पण त्यातल्या काहींमध्ये झिंक क्लोराइडसारखा माल असतो जो पत्र्याच्या कामासाठी ठीक आहे, बोर्डासाठी नाही. तो उरला की पाणी ओढतो आणि हळूहळू खातो. आतमध्ये रोझिन असलेला सोल्डर घ्या, वेगळ्या पेस्टची गरजच पडत नाही, आणि वायर फारच काळी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून टाका, पेस्टनं जबरदस्ती करू नका. डबीवर नो-क्लीन, म्हणजे साफ करायची गरज नाही, असं लिहिलं असलं तरी बाहेर लावायच्या बोर्डावरून तो फ्लक्सही साफ करायचा, कारण कोटिंग त्यावर नीट धरत नाही.

साफ करायला आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्केवालं. ब्रशनं घासलं की फ्लक्स विरघळते, पण विरघळलं म्हणजे गेलं नाही, ते सगळ्या बोर्डावर पसरलं. म्हणून बोर्ड तिरपा धरून दुसऱ्यांदा स्वच्छ आयपीए वरून सोडा आणि कोऱ्या सुती फडक्यानं टिपा. हात चिकट लागला तर तिसऱ्यांदा. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन आणि वास टाकलेला असतो, तो बोर्डावरच राहते. पेट्रोल नको, एनसी थिनरही नको, त्यानं कनेक्टरचं प्लास्टिक विरघळते. आणि इथून पुढं बोर्ड फक्त कडेनं धरायचा, बोटांचा घाम म्हणजे मीठच.

मंग वाळवणं. आपल्याकडं एप्रिल-मेचं ऊन असताना वेगळी मशीन काहून पाहिजे? गच्चीवर ताटात ठेवा, वर सुती कपडा टाका धूळ बसू नये म्हणून, दुपारचे दोन-तीन तास बस झाले. पावसाळ्यात करायची वेळ आली तर हेअर ड्रायर किंवा ६० वॉटच्या जुन्या बल्बखाली, बोर्ड हाताला चांगला गरम लागला पाहिजे.

आता कोटिंग. बाजारात मुख्य चार जाती आहेत, ॲक्रिलिक, सिलिकॉन, पॉलियुरेथेन आणि इपॉक्सी. घरगुती कामाला माझं मत सरळ ॲक्रिलिक स्प्रे. उन्हात पिवळं पडत नाही, लवकर वाळते, आणि मुख्य म्हणजे उद्या पार्ट बदलायचा झाला तर आयपीए किंवा ॲसिटोननं निघते, किंवा वरूनच इस्त्री टेकवली तरी सोल्डर होते. पॉलियुरेथेन रसायनांना जास्त टिकते पण काढायला त्रास, आणि ते इस्त्रीनं जाळलं की निघणारा धूर फार वाईट, बंद खोलीत तर मुळीच नको. सिलिकॉन थंडी-गरमीत लवचिक राहते, पैसे असतील तर भारी. तालुक्याच्या गावी मोटर बांधणारे असतातच, त्यांच्याकडची क्लिअर वार्निशही चालते, पण विचारून घ्या, हवेवर वाळणारी पाहिजे. भट्टीत भाजायची वार्निश आणली तर ती आठ दिवस चिकट राहते आणि सगळी धूळ धरून ठेवते. नेलपॉलिशवर लोकं हसतात, पण बिनरंगी नेलपॉलिश एखाद्या जॉइंटला ठिगळ म्हणून वाईट नाही, फक्त पूर्ण बोर्ड त्याच्या भरवशावर सोडू नका, पातळ थर तडकतो.

मारायच्या आधी झाकाझाकी करा. रिलेच्या खाचा, बटण, प्रीसेट (स्क्रूनं फिरवायचा रेझिस्टन्स), स्क्रू टर्मिनलचं तोंड, बझरचं भोक, आणि हवेतली आर्द्रता मोजणारा सेन्सर असेल तर तो, यावर कोटिंग गेलं म्हणजे ते पार्ट कामातून गेले. मास्किंग टेप लावा. डबा २०-२५ सेंटीमीटर दूर धरून पातळ हात मारा, बोर्ड फिरवून आडवा हात, थोडं वाळू द्या, मंग दुसरा थर, मागची बाजू, आणि कडा विसरू नका, एफआर-४ असला तरी कापलेल्या किनारीतून ओल शिरते. आयसीच्या पायांमध्ये आणि उभ्या कपॅसिटरच्या सावलीत स्प्रे पोचत नाही, तिथं झाकणात थोडा माल फवारून बारीक ब्रशनं लावा. इलेक्ट्रॉनिक्सचे नियम ठरवणाऱ्या आयपीसी संस्थेच्या मोजमापात ॲक्रिलिकचा थर ०.०३ ते ०.१३ मिलिमीटर सांगितला आहे, म्हणजे फार नाही, जाड थापलं की आत बुडबुडे अडकतात आणि वरून भेगा. बऱ्याच कोटिंगमध्ये यूव्ही लाइटखाली निळं चमकणारा रंग घातलेला असते, नकली नोट तपासायची छोटी टॉर्च अंधारात मारून पाहा, जिथं काळं दिसलं तिथं कोटिंग पोचलं नाही. ही युक्ती फार कामाची आहे, नुसत्या डोळ्यांनी काहीच कळत नाही.

वेळ कोणती? मेच्या भर दुपारी ४५ डिग्रीत मारलं तर थेंब हवेतच वाळतात आणि बोर्डावर खरखरीत भुकटी बसते. पावसाळ्याच्या दमट हवेत मारलं तर थर पांढुरका पडतो, कारण त्यात ओलच अडकलेली असते. उन्हाळ्यातली सकाळ बेस्ट, सात-आठ वाजता, मंग दिवसभर वाळू द्या.

काय लावू नये तेही सांगतो. ग्लूगनचा गोंद नको, उन्हात बंद डबीतलं तापमान सहज ६० डिग्रीच्या पुढं जाते, गोंद मऊ पडून सुटतो आणि त्याच्याखाली पाणी साचून राहते. काच चिकटवायचं साधं सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येते, ते तर बिलकुल नको, वाळताना त्यातून ॲसेटिक ॲसिड निघते आणि तांब्यालाच लागते. सिलिकॉन लावायचंच असेल तर ट्यूबवर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. एवढा छोटा फरक, पण किती तरी बोर्ड यानंच गेले असतील. ॲरल्डाइटमध्ये पूर्ण बोर्ड बुडवणं जमते, मात्र बोर्ड काडेपेटीएवढा असेल आणि पुन्हा कधी उघडायचाच नसेल तरच. जास्त माल एकदम ओतला तर गरम होते, आणि कडक झाल्यावर थंडी-उन्हानं ताण येऊन बारीक पार्टचे जॉइंट तुटतात.

डबी. हे समजून घ्या की डबी श्वास घेते. दिवसा आतली हवा तापून बाहेर निघते, आणि दुपारी चारला धो-धो सर आली की डबी एकदम थंड होऊन हवा आत ओढते, फटीवर पाणी असेल तर पाणीच ओढते. म्हणून चारही बाजूंनी सिलिकॉन थापून हवाबंद केली असं समजणाऱ्यांच्या डबीतच जास्त पाणी सापडते, गेलेलं पाणी निघायला जागाच नसते. पन्नीत गुंडाळण्याचंही तेच. धूळ अन् पाण्याचे फवारे अडवणारी, आयपी६५ लिहिलेली जंक्शन बॉक्स घ्या, आणि सगळ्यात खालच्या बाजूला ३ मिलिमीटरचं एक भोक पाडून त्यावर बारीक जाळी आतून चिकटवा. जाळी पाहिजेच, नाहीतर मुंग्या घर करतात, कुंभारीण माती भरते, आणि पालीचं तर विचारूच नका, रिलेवर बसून मरते. भोक ठेवलं तर सिलिका जेलची पुडी टाकण्यात अर्थ नाही, बाहेरची हवा येतच राहते आणि ती काही दिवसांत भरून जाते. पुडी फक्त खरोखर बंद डबीत, आणि तीही दरवर्षी तापवून पुन्हा कोरडी करून.

वायर नेहमी खालून घाला, ग्लँडमधून, म्हणजे वायरीभोवती घट्ट आवळणाऱ्या बुचातून, आणि घालायच्या आधी वायरीला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून टपकून जाईल. वायरीच्या आतूनही पाणी चढते, बारीक तारांच्या मधून ते डबीपर्यंत येते, म्हणून बाहेरच्या टोकाला सोल्डर भरून त्यावर गोंदवाली हीटश्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढवा. आत बोर्ड उभा लावा, आडवा नको, पायांवर थोडा उचलून. डबी पांढरी किंवा फिकट, उत्तरेकडच्या बाजूला किंवा सोलर प्लेटच्या सावलीत. जम्पर वायरचे टोचे बाहेर टिकत नाहीत, सरळ सोल्डर करा, आणि बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली.

आणि एक, मोटरच्या खोलीत काय काय ठेवता ते पाहा. स्टार्टरची पेटी, खाली युरियाची अर्धी फाटलेली थैली, बाजूला लेड ॲसिडची बॅटरी, फवारणीचा पंप, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र. युरिया ओल धरते आणि सडताना अमोनिया सोडते, तो तांब्याचा अन् पितळेचा वैरी आहे. बॅटरी चार्ज होताना ॲसिडचे बारीक तुषार उडतात. गुराच्या कोठ्यातही अमोनियाच. अशा जागी चांगलं कोटिंगही लवकर हरते, त्यापेक्षा डबीच खोलीबाहेर वळचणीखाली लावा नाहीतर थैली तरी हलवा.

मातीची ओल मोजायचे ते दोन दांड्यांचे स्वस्त सेन्सर हा वेगळाच विषय. त्यात उघडी धातू ओल्या मातीत आणि वर डीसी, म्हणजे गंज लावायची मशीनच ती. ज्यात धातू मातीला लागत नाही असा कॅपॅसिटिव्ह सेन्सर घ्या आणि त्याच्या कडा व वरचे पार्ट कोटिंगनं नीट झाका. जुनाच वापरायचा असेल तर वाचायच्या वेळेपुरता एक सेकंद करंट द्या, बाकी वेळ बंद, आणि जमलं तर प्रोग्राममध्ये प्लस-मायनस आलटून पालटून.

हे सगळं १२ व्होल्टच्या आतल्या कामासाठी सांगतो आहे. २३० किंवा ४१५ व्होल्टची बाजू घरगुती बोर्डावर, तीही वावरात, कोटिंगच्या भरवशावर अजिबात नेऊ नका. तिथं तयार कॉन्टॅक्टर आणि तयार सप्लाय, वेगळ्या डबीत, अर्थिंगसकट.

टांगायच्या आधी घरीच परीक्षा घ्या. बोर्ड तासभर फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर काढून लगेच १२ व्होल्टची बॅटरी जोडा, दमट हवेत त्यावर दव धरेल. सर्किट चुकीचं वागलं, आपोआप वाजलं, तर कुठंतरी गळती आहे. बॅटरी काढून मल्टिमीटर सगळ्यात मोठ्या ओहम रेंजवर ठेवा आणि प्लस-मायनसचे शेजारी पण एकमेकांना न जोडलेले ट्रॅक तपासा, कोरडा असतानाचा आकडा आणि ओला असतानाचा आकडा यात फार फरक असेल तर पुन्हा धुवा, पुन्हा कोटिंग.

लावून झाल्यावर वर्षातून दोनदा उघडा, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा रोहिणीत. कुठं हिरवा ठिपका दिसला तर वरून स्प्रे मारून झाकू नका. त्या जागचं कोटिंग ॲसिटोन लावलेल्या कापसानं काढा, हिरवं खरवडा, सोड्याच्या पाण्यानं, मंग डिस्टिल्ड वॉटरनं, मंग आयपीएनं धुवा, ट्रॅक पातळ झाला असेल तर त्यावर तांब्याची बारीक तार टेकवून सोल्डर करा, उन्हात वाळवा, आणि ठिपक्याच्या चारही बाजूंनी सेंटीमीटरभर जास्त जागेवर ब्रशनं दोन थर द्या. ठिपका पुढच्या वेळी त्याच जागी परत आला तर आत क्लोराइड राहिलं आहे, अशा वेळी तेवढा ट्रॅक दोन्हीकडून कापून टाका आणि वरून इन्सुलेशनची वायर जोडून घ्या.